पांढऱ्या चकतीवर काही नाही

४ एप्रिल १९६७, मंगळवार

आली एकदाची! मुंबईहून, भुश्शात गुंडाळून. काचेच्या सिरिंजच्या तोंडाला बसणारी स्टीलची डबी – रुपयाएवढी. आटे फिरवून उघडायची, आत पातळ पांढरी चकती ठेवायची, दट्ट्या दाबायचा. गढूळ पाणी आत, नितळ पाणी बाहेर. पाण्याचा खारेपणा औषध घातल्यावर येणाऱ्या रंगावरून ठरतो, आणि गढूळ पाण्यात रंग कळत नाही. म्हणून आजवर नरसाळ्यात कागद घालून अर्धा अर्धा दिवस थेंब मोजत बसले. आज जेवणाआधी चार बाटल्या संपवल्या.

आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेचा शिपाई मोतीराम दारातूनच म्हणाला, "बाई, हे तं सुई टोचाचं हाय. पान्याले काऊन टोचून राह्यल्या?"

७ एप्रिल

जळगाव जामोद तालुक्यातल्या धामणखेडहून सहा बाटल्या. सगळ्या तिथल्या बारवेच्या. गावात अकरा जणांना नारू झालाय. पायावर फोड येतो, फुटतो, आतून हातभर जंत निघतो. रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायचा. लोक पायऱ्या उतरून बारवेत पाय बुडवतात आणि तेच पाणी पितात. पाण्यातले बारीक किडे नारूचं बी पोटात घेऊन फिरतात. किडा पोटात गेला की नारू.

किडे सापडले तर बारवेला काटेरी तार, म्हणजे बारव बंद. गावातली दुसरी विहीर इतकी खारी की गुरं तोंड फिरवतात. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीवर ठरवतो." ठरवा. चिठ्ठी पक्की असेल.

८ एप्रिल

किडा असलाच तर चकतीवर अडकणार, तिच्यातून पार होणार नाही. म्हणून सहाही चकत्या भिंगाखाली घातल्या. प्रत्येक दोनदा पाहिली. काही नाही! मातीचा कणसुद्धा नाही. दट्ट्या एका बोटाने खाली जात होता. बारवेचं इतकं स्वच्छ पाणी मी पाहिलंच नव्हतं. लिहून दिलं – बारव निर्दोष. सही जरा मोठीच केली.

१२ एप्रिल

माझ्या चिठ्ठीवरून डॉक्टरांनी काढलेलं पत्र आज धामणखेडच्या चावडीवर वाचून दाखवलं. मोतीराम सांगत आला, "गाव खूश हाय बाई. बारव वाचली." मीही खूश आहे. लपवायचं कशाला?

२ मे

डॉक्टरांना दुसरी तपासणी हवी होती. म्हटलं, या वेळी बाटल्या मीच आणते. यष्टीत धूळ खात धामणखेड गाठलं. मागच्या बाटल्या सरपंचांच्या घरातल्या रुखमाबाईंनी भरल्या होत्या. मोठी अगत्यशील बाई. गूळपाणी दिलं, मग बारवेवर घेऊन गेल्या. घागर भरली, लुगड्याचा पदर दुहेरी करून बाटलीच्या तोंडावर धरला आणि वरून धार सोडली.

"हे काय करता?"

"गाळून राह्यली ना. सरकारच्या बाटलीत का कचरा भरून देऊ?"

"मागच्या वेळी?"

"हाव, तवाबी गाळूनच देलं. सहाच्या सहा."

माझ्या चकतीच्या आधी त्यांचा पदर काम करून गेला होता. आणि मी महिनाभर मिरवत होते. मग मीच खाली उतरले आणि दोन बाटल्या न गाळता भरल्या.

३ मे

दट्ट्याला दोन्ही अंगठे लावावे लागले. चकती मातकट झाली. भिंगाखाली – नऊ किडे. एक अजून वळवळत होता.

चूक माझी. पाणी कसं भरलं हे विचारलंच नाही. लाज वाटली, पण डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. आणि हेही सांगितलं की बारवेला तार नको. दुहेरी पदराने सगळे किडे अडवलेत, मी सहा चकत्यांवर पाहिलंय. ते अकरा जण कोण, हेही काल गावात विचारून आलेय. सगळे शेतमजूर. कामावरून येता-जाता ओंजळीने पितात. त्यांच्या हाती फडकं द्या, झालं.

डॉक्टर म्हणाले, "चुकलात, पण कामाचं चुकलात." नवं पत्र लिहिलं – बारवेत किडे आहेत, पाणी गाळूनच प्यावं. आता धामणखेडची काळजी नाही. बाया गाळतातच, उरलेले शिकतील.

५ मे

मोतीराम पत्र देऊन परतला. रुखमाबाईंचं म्हणणं त्याने जसंच्या तसं सांगितलं – "ते सरकारच्या बाटलीचं म्हनून गाळलं. घरचं गाळनं तं पयलं पत्र वाचलं त्याच दिवशी सोडलं. बाईनं साफ लिवलं, मंग काऊन गाळाचं?"

सगळ्या गावाने सोडलं. तेवीस दिवस झाले.

नारू बाहेर यायला वर्ष लागतं.