गेट उघडेपर्यंत

९ जानेवारी
ह्यांचं डायलिसिस झालं. जाताना रेल्वेचं गेट उघडं, येताना पडलेलं. घर रुळांच्या अलीकडे, कर्जतचा दवाखाना पलीकडे. आठवड्यातून दोनदा हेच.
कमळ गेटाशी वालाच्या शेंगा विकते. गेट उघडलं की आळीत घरोघर मिस्ड कॉल देते, मगच माणसं निघतात. म्हटलं, रेल्वेकडून पगार घे. "पगार नको बाय, शेंगा घ्या. कवाधरनं नुसत्या दाबून बघताय." अर्धा किलो घेतल्या. काही किडक्या निघाल्या.

१४ जाने., संक्रांत
हे चोरून पाणी पितात. दिवसाचा मोजून दिलेला तांब्या संपला की मोरीत जातात, नळाचा आवाज येतो. मी बोलले. हे म्हणाले, "शाळेतून रिटायर झालीस ना तू?" तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोलणं जमलं नाही.

१९ जाने.
काल लिहिणं शक्यच नव्हतं.
काल सकाळी ह्यांना धाप लागली. आडवं होता येईना. युनूसला फोन केला, लगेच रिक्षा घेऊन आला. (माझा विद्यार्थी. गणितात कच्चा.) तेवढ्यात कमळचा मिस्ड कॉल. गेट उघडं. तसंच निघायला हवं होतं. पण हे बनियनवर. दवाखान्यात असं कसं न्यायचं? शर्ट घातला, इस्त्रीचा. सगळी बटणं लावली.
गेटाशी पोचलो आणि बार समोर खाली आला.
लोकल गेली. बार उठला नाही, मागून मालगाडी यायची होती. पेशंट आहे म्हणून ओरडले. गेटमन म्हणाला, "सिग्नल दिलाय, आता उघडता येत नाही." मोटारसायकलवाले गाड्या तिरक्या करून बाराखालून जात होते.
युनूस म्हणाला, "बाई, सरांना उचलतो. पलीकडं दुसरी रिक्षा उभी हाय."
नको म्हटलं.
"बाराखालून वाकून गेलो म्हणून तुमीच आमाला उठाबशा काढायला लावल्या. ठाव हाय मला. पण आज ऐका."
नको.
ह्यांनी माझं मनगट धरलं होतं. मालगाडी घाट उतरून सावकाश आली. संपेचना.
आता आयसीयूत.

२२ जाने.
धोका टळला. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..."  
अजय ठाण्याहून आला. पलीकडे दहिवलीला भाड्याने जागा बघू म्हणतो. "आई, मधे गेटच नको." मग हळूच, "आणि तोवर पुढच्या वेळी युनूसला उचलू दे." 

२७ जाने.
घरी आणलं. दहिवलीचं सांगितलं. "तिथं काय करू? भिंती बघू?"
मग म्हणाले, "उचलू दिलं नाहीस, बरं केलंस. युनूसचा पाय रुळात अडकला असता तर त्याच्या पोरींना काय सांगितलं असतंस?"
"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?"
"माझं जगून झालंय."
मी फार रागावले. भाजी करपली.

२ फेब्रु.
शाळेत मी पोरांना शिकवायचे, गाडी दिसत नाही म्हणजे येत नाही असं नाही. ते आजही खरं. त्या दिवशी ह्यांची नखं निळी पडली होती, तेही खरं.
ह्यांना शर्ट घालत बसले नसते तर दोन्हीतलं काहीच ठरवावं लागलं नसतं. कुणाला सांगितलेलं नाही. अजयला तर नाहीच.

६ फेब्रु., दवाखान्यात
सकाळी पुन्हा धाप. मागच्याइतकी नाही, पण वाढणारी. कमळच्या कॉलची वाट पाहिली नाही. बनियनवर शाल गुंडाळून आणलं. शर्ट माझ्या मांडीवर.
गेट पडलेलं. कमळ उठून उभी राहिली. "आत्ताच पडलं गं बाय." शेंगांची टोपली तशीच.
युनूसने इंजिन बंद केलं.  आरशातून माझ्याकडे बघत राहिला. गाडी दिसत नव्हती. हे म्हणाले, "नको."
मी बाराकडे बघत एक पाय खाली टाकला.
तेवढ्यात लोकल आली, गेली. बार उठला. पाय आत घेतला.
आत्ता मशीन सुरू आहे, धाप ओसरलीय. मघाशी आत नेण्याआधी ह्यांना शर्ट घातला. म्हणाले, "उतरत होतीस?"
मी बटणं लावत राहिले.