रविवारचं घर

३ जुलै, गुरुवार

या हिंदी मुलखातल्या मुलींच्या शाळेत पहिलीतल्या मुलीलाही 'आप' म्हणतात. प्रिन्सिपल शशिकलाजींनी पहिल्याच दिवशी बजावलं — "बाकी नियम हळूहळू कळतील. हा आजपासून." सांगलीत मी अकरा वर्षं शिकवलं. 'ए पोरी' याहून मोठी पदवी कुणाला दिल्याचं आठवत नाही.

वर्ग इंग्रजीचा. शिवाय हॉस्टेल माझ्याकडे. मुली चौसष्ट. शाळा शंभरीला आली आहे, आणि तसं कुठे लिहिलेलं नाही. ना फलक, ना कमान. फक्त जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत.

६ जुलै, रविवार

सकाळी नऊला फाटकाशी गर्दी. स्कूटर, रिक्षा, एक ट्रॅक्टरसुद्धा! नव्या मुली सोडल्या तर दहाला हॉस्टेल रिकामं.

याला इथे 'रविवारचं घर' म्हणतात. शहरातल्या प्रत्येक डे-स्कॉलरने एक हॉस्टेलची मुलगी रविवारी आपल्या घरी न्यायची. एकीच्या घरी एकच. वर्षभर तीच. हॉटेल नाही, सिनेमा नाही, भेटवस्तू नाही. घरात चाललं असेल ते काम तिनेही करायचं. "पाहुणी म्हणून गेली की पाहुणीच राहते," शशिकलाजी म्हणाल्या. "भांडी विसळली की घरची होते."

कुणाला सुचलं असेल हे?

९ जुलै

रविवारच्या वह्या वाचते आहे. कपाटभर आहेत. दर रविवारी यजमान मुलीने आपल्या घरच्या भाषेत दोन ओळी लिहून पाठवायच्या, इतकंच. जुन्यातल्या काही उतरवून ठेवते —

'मुलगी बोलत नाही. पण गेल्यावर घर जास्त गप्प वाटतं.'

'आज हिने काकांना पत्त्यांत हरवलं. काका जेवले नाहीत.'

'पुढच्या वर्षीही हीच द्यावी. दुसरी नको.'

एम.ए.ला दोन वर्षं मोजकं लिहिणं म्हणजे काय ते शिकले. या आठवी-नववीतल्या पोरींना कुणी शिकवलं?

१३ जुलै, रविवार

नव्या मुलींपैकी एकच मागे राहिली, तिला अजून घर मिळालेलं नाही. प्रियंका, आठवी. गौतमपुऱ्याची. वडील लसूण-बटाटा करतात. मुलगी गणितात सगळ्यांच्या पुढे, आणि ताटात निम्मं टाकते. रडत नाही. नुसती बसते.

वडिलांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "दिवाली तक देख लो मैम. नी जमा तो ले जाऊँगा." तिकडे आठवीच्या पुढे मुलींची शाळा नाही का, विचारलं. "है. पर ऐसी नी है," म्हणाले.

म्हणजे दिवाळीपर्यंत. तीन महिने.

२० जुलै, रविवार

प्रियंकाला घर मिळालं. तिच्याच वर्गातली स्वानंदी. लोकमान्य नगरात आजी-आजोबांकडे राहते, आई-वडील नोकरीला दुबईत. आजोबा रामभाऊ, वीज मंडळातून निवृत्त. स्कूटरवरून उतरायच्या आधीच बोलायला लागले. "मॅडम, तुम्ही महाराष्ट्राच्या ना? बोलण्यावरून समजलं. एकदम शुद्ध! थोडी मिलावट करा, तब्येतीला बरं असतं."

प्रियंका मागे बसली. स्कूटरला धरून, रामभाऊंना नाही.

२७ जुलै

वही : 'प्रियंकाने भेंड्या चिरल्या. कुणी सांगितलं नव्हतं.'

१० ऑगस्ट

वही : 'आज आजीबरोबर खजरान्याच्या गणपतीला गेलो. ती लाइनीत आजीचा पदर धरून उभी राहिली.'

ताट हल्ली स्वच्छ असतं! शशिकलाजी मुलींच्या रांगेत सगळ्यात शेवटी ताट घेतात. आज प्रियंकाच्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

१ सप्टेंबर, सोमवार

वाईट दिवस. कालची वही आज हाती आली. स्वानंदीचं वळणदार अक्षर —

'प्रियंकाने आजीसारखं बोलायची खूप चेष्टा केली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.'

तीनदा वाचलं. ज्या घराने तिला जवळ केलं, त्याच घरात आजीच्या बोलण्याची टिंगल! म्हाताऱ्या माणसाला रडू येईपर्यंत! आणि मी मात्र या मुलीच्या ताटाकडे बघून खूश होत होते.

जेवणाच्या रांगेत गाठलं. माझं हिंदी अजून कच्चंच. पण म्हणाले, स्पष्ट म्हणाले — "किसी के घर जाकर चेष्टा नहीं करनी चाहिए. तुम्हें शर्म नहीं आती?"

ती बघत राहिली. मग म्हणाली, "जी मैम. अब नहीं करूँगी."

नाकारलंसुद्धा नाही.

दोन रविवार ती हॉस्टेलवरच राहील. स्वानंदीला तेवढंच कळवलं. कारण सांगितलं नाही. कुणाची लाज काढायची नव्हती.

७ सप्टेंबर, रविवार

प्रियंका दिवसभर खिडकीशी. पुस्तक उघडं, पान तेच.

११ सप्टेंबर

पुन्हा निम्मं ताट. वर्गात हात वर करणंही बंद. गणिताच्या बाई तक्रार घेऊन आल्या — "आता विचारलं तरी सांगत नाही. येत असून!"

शिक्षा लागू पडली, असं मी म्हणाले. हे इथे लिहून ठेवते आहे. म्हणाले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

रामभाऊ स्वतः आले. हेल्मेट काढलं नाही. "आमची पोरगी कुठे आहे मॅडम? मागच्या हप्त्यात नाही, या हप्त्यात नाही. आजी सकाळपासून दरवाज्यात उभी आहे. बीमार आहे का? सांगा तर खरं!"

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, तुमच्या घरचंच आहे. वाचा.

त्यांनी वाचलं. "बरोबर आहे. मग?"

"चेष्टा केली तिने. आजींची."

"हो. खूप केली. 'अगोबाई' म्हणाली, 'इश्श' म्हणाली, पदर खोचून दाखवला. आमचं मराठी शिकून राहिली होती बिचारी. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी—" ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. "अरे देवा. मॅडम, चेष्टा म्हणजे कोशिश! कोशिश हो! प्रयत्न!"

मी वही पुन्हा जवळ ओढली, ती ओळ परत वाचली.

"स्वानंदीने विचारलं, आजोबा, कोशिशला चांगला शब्द सांगा, वहीत लिहायचा आहे. मीच सांगितला. हिंदी मीडियमचा माणूस मी, म्हटलं चेष्टा लिही, भारी दिसतं." हेल्मेट काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. "माझी चूक आहे मॅडम. पोरीला काही बोलला नाहीत ना?"

तेव्हा मला माझंच वाक्य आठवलं. हिंदीत बोलले होते मी. तिने ते हिंदीतच ऐकलं. कुणाच्या घरी जाऊन प्रयत्न करायचा नसतो. लाज नाही वाटत?

आणि ती म्हणाली होती, आता नाही करणार.

तिने शब्द पाळला! आजीसारखं बोलायचा नाही. गणिताचा नाही. जेवायचाही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

शशिकलाजींना सगळं सांगितलं. राजीनामा लिहून नेला होता, तो पर्समध्येच राहिला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. वाटलं, शब्दावर बोलतील. म्हणाल्या, "चेष्टेचं राहू द्या. आपण दोन भाषांची माणसं, चालायचंच. तुम्ही तिला 'तुम' म्हणालात?"

हो, म्हटलं.

"कुठे?"

जेवणाच्या रांगेत.

"मग माफी ऑफिसात नको. रांगेत मागा."

आवाज चढला नाही. टेबलावरची फाइल पुढे ओढून त्या कामाला लागल्या. वाकून नमस्कार करावासा वाटला. केला असता तर त्यांना आवडलं नसतं.

१६ सप्टेंबर

मागितली. पुढेमागे वीस मुली, हातात ताटं. "प्रियंकाजी, मैंने ग़लत समझा था. आपको ग़लत बोला. आपकी कोई ग़लती नहीं थी. मुझे माफ़ कीजिए." हिंदी आधी कागदावर लिहून पाठ केलं होतं.

वर्गात मला एवढी शांतता कधी मिळाली नव्हती.

"जी," ती म्हणाली.

मागून सहावीतली मिताली — "मैम, अब आप भी ले लीजिए, दाल ठंडी हो रही है."

प्रियंकाने वरण घेतलं. निम्मं टाकलं.

२१ सप्टेंबर, रविवार

रामभाऊ नऊला हजर. प्रियंका खाली उतरली नाही. मी वर गेले तर म्हणाली, "मैम, मुझे दिवाली पे घर जाना है. पापा को बोल दिया है." राग नव्हता. राग असता तर बोलता तरी आलं असतं.

माफी मागून सुटले असं वाटलं होतं. सुटले मी. ती नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दहाला रिक्षातून सुनंदाबाई उतरल्या. स्वानंदीची आजी. एकट्या, हातात पिशवी. भेटीच्या खोलीत बाकावर बसल्या, पिशवीतून गवार काढली आणि वर्तमानपत्रावर निवडायला लागल्या.

म्हटलं, प्रियंकाला बोलावू?

"नको हो. तिची मर्जी. ती घरी येत नाही, तर रविवार मी इथे आणला." आणि मग, "तुम्ही पण बसा ना. इतकी गवार आहे!"

दोन तास निवडली. प्रियंका आली नाही. जाताना सुनंदाबाई म्हणाल्या, "तुम्ही दोऱ्या नीट काढत नाही. आमच्या पोरीचा हात साफ आहे."

५ ऑक्टोबर, रविवार

आज मेथी. प्रियंका जिन्यावर येऊन उभी राहिली. वर गेली.

सुनंदाबाईंनी मान वर केली नाही. "दिसली मला," एवढंच.

१२ ऑक्टोबर, रविवार

लसूण! सुनंदाबाईंनी मुद्दाम आणला असणार. नखाने एकेक पाकळी सोलत बसल्या होत्या. प्रियंका जिना उतरून आली, थोडा वेळ बघत राहिली, आणि तिला राहवलं नाही. "ऐसे नी, आजी. शाम हो जाएगी." पाच-सात गड्डे फोडले, पाकळ्या दोन हातांत चोळल्या, फुंकर मारली. साली उडून माझ्या साडीवर.

"अगोबाई!" सुनंदाबाई म्हणाल्या.

प्रियंका हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली.

मी उठून बाहेर आले. त्या खोलीत माझं काम नव्हतं. दारामागून दोघींचा आवाज बराच वेळ येत होता. अर्धं मराठी, अर्धं मालवी. शुद्ध काहीच नाही. ऐकत उभी राहिले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी. प्रियंकाचे वडील आले. पेटी पूर्ण भरली. पुस्तकं, गादीची खोळ, भिंतीवरचं वेळापत्रक. परत यायचं असेल तर मुली पेटी इथेच ठेवून जातात.

मी त्यांनाही सांगितलं, सगळं. चूक माझी, तिची नाही. ते डोक्यावरचा गमछा सारखा करत म्हणाले, "छोरी ने बताया. आपने सबके सामने माफी माँगी. हमारे यहाँ मास्टर ऐसा नी करता." मग म्हणाले, "वो बात नी है मैम. स्कूल उसको भोत पसंद है. पर रात को नींद नी आती उसको. साठ लड़कियाँ, बीच में एक खाट. उसका घर छोटा है ना."

फाटकाशी रामभाऊ स्कूटर लावून उभे होते. दोघे तिथेच कट्ट्यावर बसले. तासभर. लसणाच्या भावावर बोलत असावेत.

प्रियंका पेटीवर बसून वाट बघत होती. माझ्या पाया पडली. इथे मुलींनी पाया पडायची रीत नाही. कुठून शिकली ते माहीत आहे.

तिचा खण पुसून घेतला.

२६ ऑक्टोबर, रविवार

हॉस्टेल उघडलं. संध्याकाळच्या हजेरीला त्रेसष्ट.

शशिकलाजींना सांगितलं, प्रियंका आली नाही. "उद्या बघू," म्हणाल्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार

प्रियंका आली! हॉस्टेलच्या दाराने नाही, शाळेच्या फाटकातून. पाठीला दप्तर, हातात डबा. रामभाऊंच्या स्कूटरवर मागे स्वानंदी, मधे ती, रामभाऊंच्या सदऱ्याला घट्ट धरून. पेटी लोकमान्य नगरात पोचली आहे. आता ती तिथेच राहणार आणि रोज शाळेत येणार. वडिलांचं पत्र शनिवारपासून शशिकलाजींच्या टेबलावर होतं.

मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली.

"मैम, मैं डे-स्कॉलर हो गई. तो अब संडे को मुझे भी एक लड़की मिलेगी ना?"

मिळेल, म्हटलं. कोणती हवी?

"जिसको आपने सबसे ज़्यादा डाँटा हो."