सव्वातीन तासांचा माकूको

प्रिय जेनेझिओ यास, गुडघे जेवढं वाकू देतात तेवढं वाकून आनाक्लेतोचा नमस्कार. दाल्झिरा वहिनींना त्याहून जरा जास्त वाकून, कारण हे पत्र त्याच तुला वाचून दाखवणार, आणि आवडलं नाही तर मधली पानंच्या पानं गाळणार, हे मला ठाऊक आहे. इकडे माझी तब्येत बरी आहे. तिकडची हालहवाल वहिनींनी कळवली: उजवा हात थोडा हलतो, भूक चांगली आहे, राग त्याहून चांगला आहे, आणि जीभ मात्र झटका आल्यापासून आठ महिने संपावर आहे. डॉक्टरांनी गालांच्या व्यायामासाठी फुगे दिलेत आणि तू ते फुगवायचे सोडून खिडकीबाहेर फेकतोस म्हणे. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या हातात फुगा दिला तर दुसरं काय होणार! मी तुझ्या बाजूने आहे. (वहिनी, हे वाक्य गाळा.)

तर लिहिण्याचं निमित्त म्हणजे माझं शिकारीचं सामान. माझी लेक, तुझी धर्मकन्या मारिल्झा, मला महिनाअखेर व्हितोरिया शहरात स्वतःकडे घेऊन चालली आहे. पाचवा मजला, एक खोली आणि एक कपाट. "एकच कपाट, बाबा, आणि त्यात तुमचे कपडेपण," असं तिने बजावलंय. बंदूक तर शिकारीवर बंदी आली त्या वर्षीच मी पोलिसांकडे जमा केली. पण बाकीच्या वस्तूंवर बंदी नव्हती, म्हणून त्या सव्वीस वर्षं कॉफीच्या कोठारात राहिल्या. कॅनव्हासचं जाकीट, चामड्याचे बूट, झुला, कार्बाइडचा दिवा, आपल्या फाइस्का कुत्रीचा घुंगराचा पट्टा आणि शिट्ट्यांचा डबा. बंदुकीवाचून या पसाऱ्याचं तुम्ही काय करणार होतात, असं मारिल्झाने विचारलं. मी सरळ आवाज चढवला. ही विद्या मी तुझ्याकडूनच घेतली.

पहिलं जाकीट काढलं. देवळाच्या जत्रेत लिलाव असतो, त्यात दिलं. भाजलेल्या कोंबड्या आणि केक यांच्या मध्ये ते टेबलावर पडलं होतं, अगदी पोरकं. लिलाव पुकारणारा ओस्वाल्दिनो तुला माहीतच आहे, त्याच्या तोंडाला कुलूप नाही. त्याने ते दोन बोटांनी वर धरलं आणि ओरडला, "बोला मंडळी, पक्षी गेले, शिकारी गेला, वास तेवढा राहिलाय!" सगळे हसले. आतल्या खिशावर अजून तो तपकिरी डाग आहे रे, तू दारूची बाटली उपडी केली होतीस तो. माझ्याच्याने राहवेना. मी हात वर केला. ओस्वाल्दिनो म्हणाला, आणखी कोणी? मी घाबरून पुन्हा हात वर केला. एवढ्या मोठ्या मांडवात बोली लावणारा मी एकटाच, आणि तीही स्वतःच्याच बोलीवर चढवून! पाद्रीबाबांनी माझ्या दानशूरपणाबद्दल व्यासपीठावरून आभार मानले. मारिल्झाने ते जाकीट बघितलं आणि एक बोट वर केलं: एकच कपाट.

मग बूट शेजारच्या वाल्देविनोला दिले. पण तो रोज सकाळी माझ्या दारावरून जायचा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला माझ्याच पायांचा आवाज ऐकू यायचा. मी तसाच उठून त्याला सांगायला जायचो, की टाचेला चरबी लाव, ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंब, डावा बूट आधी घाल, उजवा रुसतो. नवव्या दिवशी त्याने बूट माझ्या पायरीवर आणून ठेवले. म्हणाला, "आनाक्लेतोदादा, बूट चांगले आहेत हो, पण त्यांच्याबरोबर तुम्ही येता." आता बोल यावर! (दिवा, झुला आणि फाइस्काचा पट्टा यांचं मी लिहीत नाही. तेही घरीच आहेत.)

राहिला शिट्ट्यांचा डबा. नऊ शिट्ट्या, लाकडाच्या, एकेका पक्ष्याला त्याच्याच आवाजात बोलावणारी एकेक. सगळ्यात वर माकूकोच्या, त्या कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या, मात्र दोन, एकाच लाकडातून कातलेल्या. तुझीही माझ्याच डब्यात राहिली, कारण बंदी आल्यावर तू ती माझ्या अंगावर फेकून म्हणालास, "घे, आता घाल चुलीत!" मी घातली नाही. तर गेल्या मंगळवारी सकाळी मनाचा हिय्या करून डबा घेतला आणि पुलावर गेलो. नदीत टाकायच्या आधी प्रत्येकीला एकेकदा फुंकावं, निरोप म्हणून, एवढाच विचार होता. माकूकोची फुंकली तोच मागे सायकल थांबली. जंगलखात्याचा रखवालदार! मला वाटलं, संपलं, या वयात तुरुंग. पण तो गडी सायकल कठड्याला टेकवून म्हणाला, "पुन्हा वाजवा ना काका. या रानात किती उरलेत ते मलाही बघायचंय." मी वाजवली. आम्ही दोघं कान लावून तासभर उभे होतो. पलीकडून काहीसुद्धा उत्तर आलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "पूर्वी यायचं उत्तर?"

आता तूच सांग, मी काय सांगायला हवं होतं? मी त्याला त्या सकाळची गोष्ट सांगितली. ताडाच्या झावळ्यांच्या आडोशात मी बसलो होतो, मुंग्या विजारीत शिरलेल्या, आणि मी शिट्टी दिली की समोरच्या झाडीतून लगेच उत्तर. काय तो आवाज! भरदार, खोल, शेवटाला जरासा घसरणारा. मला वाटलं हा तर माकूकोंचा राजा असणार, कोंबडीएवढा कसला, टर्कीएवढा! एक तास, दोन तास, मी बोलावतोय, तो बोलावतोय, आणि जागचं कोणी हलत नाही. तिसऱ्या तासाला एक खराखुरा माकूको चालत मधल्या मोकळ्या जागेत आला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा हळूच निघून गेला. मी गोळी घातली नाही. एवढ्याशासाठी आवाज करून समोरचा राजा कशाला घालवायचा? आणि समोरूनही गोळी आली नाही. सव्वातीन तासांनी माझा धीर सुटला, घरी आलो. माझी झुल्मिरा, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, हसता हसता खाली बसली. म्हणाली, "माकूकोचा नर घरी बसून अंडी उबवतो. अक्कल आहे त्याला!" संध्याकाळी तू आलास, रिकाम्या हाताने, पाठीवर झावळीचे वळ उठलेले, आणि मी विचारायच्या आधीच सांगितलंस की तू दिवसभर खालच्या ओढ्यावर मासे धरत होतास. संत सेबास्तियानची शपथ घेऊन! तेव्हापासून एकतीस वर्षं आपण दोघं या एका गोष्टीवर भांडतोय. गेले आठ महिने मी एकटाच भांडतो, जेनेझिओ, आणि त्यात काही राम नाही.

रखवालदार फार हसला, मग सायकलवर बसून गेला. त्याच्या पाठीमागे मी डबा नदीत सोडला. छातीवर दगड ठेवून सोडला. मारिल्झाला सांगितलं, तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, शहाणे आहेत माझे बाबा. आता सगळं मोकळं झालं. वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि तुला काय लिहू? सांभाळ.

तुझा,
आनाक्लेतो

ता.क. डबा नदीत सोडला हे खरं आहे. तो रिकामा होता. सात शिट्ट्या माझ्या मोज्यांत आहेत, आठवी शर्टाच्या खिशात. नववी या पाकिटात कापसात गुंडाळली आहे. वहिनी, आधी ती काढा, मग पुढचं वाचा.

ता.ता.क. जेनेझिओ, ती तुझीच आहे. फुगे तू हजार फेक, पण ही फेकायची नाही. रविवारी सकाळी सात वाजता मी फोन करणार. वहिनी तुझ्या तोंडाशी फोन धरतील. नमस्कार नको, काही नको. मी माझी फुंकेन, तू तुझी फुंक, हवा निसटली तरी चालेल, लाळ गळाली तरी चालेल, मी तिथे बघायला नाही. शेवटाला सूर घसरला की मी ओळखणार, तो तूच होतास, आणि एकतीस वर्षांचं भांडण मी जिंकलो. कबूल नसेल तर तोंडाने नाही म्हण. नुसतं "नाही". कितीही वेळ लागू दे. सव्वातीन तास मी आधीही थांबलोय.