मुलांनो, वर बघा

३ जानेवारी, शनिवार

युवा ऑर्केस्ट्राची समिती अखेर जागी झाली. दोन वर्षं मी 'हंगामी' कंडक्टर; आता कायमचा माणूस नेमणार. तालमीनंतर सेक्रेटरीबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, की उमेदवार तीन आहेत आणि त्यांतला एक मी. बाकीचे दोघे केवळ नियमापुरते, असं त्या बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावरून कळतं. मी म्हटलं, संकोच करू नका, औपचारिकता पाळावीच लागते. त्या खोकल्या. हवा खराब आहे.

संकल्प: रोज तासभर सराव. गोड बंद. तालमीत ओरडायचं नाही.

५ जानेवारी, सोमवार, सकाळी

समितीला परिचय हवाय. शंभर शब्दांत. माझी कारकीर्द शंभर शब्दांत कोंबायची म्हणजे अन्यायच आहे. तरी बसलो. शहराच्या ऑर्केस्ट्रात निवृत्तीपर्यंत व्हायोला वाजवला, शेवटच्या रांगेत. (व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. राबते ही, कौतुक धाकटीचं.) एकदा मुख्य कंडक्टरांचं पोट बिघडलं, तेव्हा मध्यंतरानंतरचा कार्यक्रम मी उभा राहून पार पाडला. टाळ्या पडल्या. मी मूळचा कंडक्टरच आहे, हे त्या दिवशी कळलं.

शब्द मोजले. चाळीस. 'अत्यंत' आणि 'सातत्याने' घातले. बेचाळीस. उरलेले उद्या.

गोड खाल्लं. लिखाणाला साखर लागते.

१० जानेवारी, शनिवार

बाकीच्या दोघांचे परिचय वाचले. एक गृहस्थ परदेशात शिकलेले, बक्षिसं मिळवलेले, फोटोत हनुवटीखाली हात. ज्याच्या हनुवटीलाच आधार लागतो, तो ऑर्केस्ट्राला काय आधार देणार?

दुसरी तरुण बाई. लहानपणी याच ऑर्केस्ट्रात मागे ड्रम बडवायची. मग शाळेत संगीताची बाई. सुट्ट्यांमध्ये कंडक्टिंगचे वर्ग केले म्हणे. 'मुलं कुठे अडखळतात ते मला माहीत आहे, कारण मी तिथेच अडखळले होते,' असं लिहिलंय. परिचयात असलं कोणी कबूल करतं का!

मुलं माझीच आहेत, त्यामुळे काळजी नाही. आज तालीम छान झाली. पहिल्या व्हायोलिनची मुलगी (मी तिला मनात हेडमास्तरीण म्हणतो) कोपर उचलते आणि सगळे एकदम सुरू होतात. सगळ्यांचं लक्ष त्या कोपरावर असतं. शिस्त माझीच, मी ती कोपरामार्फत राबवतो एवढंच.

एकदा ओरडलो. दोनदा.

१३ जानेवारी, मंगळवार

घरीच सराव. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या अर्धगोलात मांडल्या, ड्रमच्या जागी स्टूल. 'मुलांनो, वर बघा,' असं खुर्च्यांना दोनदा बजावलं. फार समंजस वागल्या.

ठरलं. शनिवारी परीक्षा आहे, तिघांनी एकेक करून समितीपुढे याच मुलांकडून वाजवून घ्यायचं; त्या दिवशी समोर स्वरलिपीचा कागद ठेवायचा नाही. सगळं पाठ. समितीचे डोळे पांढरे होतील.

ही बातमी सांगावी म्हणून ताईला फोन केला. ताईचा वार रविवार, पण राहवलं नाही. ती दवाखान्यात रांगेत होती. नंतर करते म्हणाली. खुर्च्या जागेवर ठेवल्या. एकच खेचून बसलो आणि जेवलो.

१७ जानेवारी, शनिवार. परीक्षा

उत्तम झालं. एक किरकोळ बाब फक्त नोंदवून ठेवतो.

परीक्षेला दिलेल्या रचनेत मधला भाग दोनदा वाजवायचा असतो. हे मला माहीत आहे; मीच मुलांना घोकून घेतलंय. पण पाठ करताना मी तो एकदाच पाठ केला होता. मुलं दुसऱ्यांदा मधल्या भागात शिरली आणि मी शेवटाकडे निघालो. मी अगदी जोमात होतो. शेवटचा झटका दिला, मूठ मिटली, वळलो आणि समितीपुढे वाकलो. पाठीमागे मुलं वाजवतच होती.

वाकलेलाच राहिलो. फार वेळ वाकता येत नाही, या वयात. मग पुन्हा वळून त्यांच्याबरोबर आणखी एकदा शेवट केला. समिती अवाक् झाली होती. एकाच रचनेचा दोनदा शेवट करणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नसणार.

१८ जानेवारी, रविवार

ताईचा फोन. परीक्षा कशी झाली विचारलं. उत्तम म्हणालो. ती म्हणाली, मग आता निवांत आहेस, तर ये माझ्याकडे महिनाभर राहायला. मी म्हटलं, जमायचं नाही, माझे शनिवार असतात. ती म्हणाली, बाकीच्या वारी काय करतोस? विषय बदलला.

बाकीच्या वारी शनिवारची वाट बघतो. शनिवार गेला तर माझ्याशी बोलणार कोण? दूधवालाही पिशवी दाराला अडकवून जातो.

२५ जानेवारी, रविवार

सेक्रेटरीबाईंचा फोन. ड्रमवालीला नेमलं. मुलांचंही मत घेतलं होतं म्हणे. मला एक मत पडलं. कोणाचं, विचारलं. गुप्त असतं, म्हणाल्या.

एक तरी पडलं. हनुवटीवाल्याला किती, ते विचारायचं राहिलं. अन्यायाविरुद्ध समितीला सविस्तर लिहिणार आहे.

जेवलो नाही. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

३० जानेवारी, शुक्रवार

लिहिलं नाही. अशा लोकांसाठी शाई कशाला घालवायची.

दुपारी चक्क ड्रमवालीचा फोन. व्हायोला वाजवणारी मुलं गळालीत, एकच मुलगी उरलीय, तर तुम्ही तिच्या शेजारी बसून वाजवाल का, आधार होईल, म्हणाली. कंडक्टरला मागच्या रांगेत बसवायला निघाली! मी थंडपणे म्हटलं, डायरी बघून कळवतो.

डायरी बघितली. म्हणजे हीच. लगेच कळवलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

फार लवकर पोचलो. हॉल उघडलेला नव्हता. पायरीवर बसून राहिलो.

दोघांत कागद ठेवायचा एक स्टँड. रीत अशी, की बाहेरच्या बाजूला बसतो तो वरिष्ठ, आतला पानं उलटतो. बाहेरच्या खुर्चीवर ती उरलेली एकटी मुलगी (मनात मी तिला वेणी म्हणतो) बसली होती. वय तेरा. मी आत.

ड्रमवालीने हात उचलले. सगळ्यांनी वर बघितलं. हेडमास्तरणीनेसुद्धा. मीसुद्धा. एवढे डोळे दोन वर्षं माझ्यासमोर होते, पण रंग कुठले ते आज शेजारून बघितले.

मध्यंतरात वेणी आपणहून म्हणाली, की ते एक मत तिचं होतं. आयुष्यात कोणी माझ्यासाठी असं एकटं उभं राहिलेलं नाही. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी विचारलं, का गं?

ती म्हणाली, बाकी दोघांकडे सारखं वर बघावं लागतं आणि मग तिची कागदावरची ओळ हरवते. तुमच्या वेळी वर बघावंच लागायचं नाही, सर. बरं होतं ते.

मध्यंतर संपलं. वाजवता वाजवता वेणीने भुवई उडवली. मी पान उलटलं.