भिंतीलगतची पिवळी माती

आप्पा, तुमच्या कारखान्यामागच्या भिंतीशी मी गेले आठ महिने माती उकरते आहे. तुम्ही जिथे नळांना क्रोमची चकाकी द्यायचात, ते शेड आता बंद आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, घरातली पहिली पदवी घेतली ती खड्डे खणायला का? तर हो, त्यासाठीच.

तुम्ही पिवळी बोटं घेऊन घरी यायचात. मोरीत बसून अर्ध्या लिंबाने ती चोळता आहात, मी तुमचा शर्ट उचलायला जाते आणि तुम्ही ओरडता, "हात लावू नको त्याला! आईला सांग, आधी पाण्यात टाक." बोटांचा पिवळेपणा गेल्याशिवाय तुम्ही ताटावर बसत नव्हतात. पुढे कॉलेजात शिकवलं, की क्रोमचा तो विषारी पिवळा प्रकार आंबट-तुरट रसाने कमी घातक होतो आणि मातीला धरून बसतो, पाण्याबरोबर वाहत नाही. सगळा वर्ग वहीत लिहून घेत होता, मी एकटीच हसत होते.

एवढी लिंबं कुठून आणणार? पण आपल्याकडे वाइनच्या कारखान्यांतून द्राक्षांच्या साली-बियांचा चोथा ट्रॉल्या भरून बाहेर पडतो. पहिल्यांदा मी तो ओलाच मातीत मिसळला. पारखायला टाकलेली मेथी उगवलीच नाही. तुमच्याबरोबर काम केलेले काका नाक दाबून म्हणाले, "काय गं पोरी, मातीला दारू पाजली व्हय?" मग जमिनीवर चौकोन आखले आणि एकात चोथा शेणात कुजवून घातला. आता त्या चौकोनातून निथळणारं पाणी स्वच्छ येतं, तपासणीतही विषारी क्रोम जवळजवळ सापडत नाही. काहीच न घातलेल्या शेजारच्या चौकोनातलं पाणी अजून पिवळं आहे. हे काम होणार, आप्पा. याबद्दल मला शंका नाही.

एकाच जागी एवढं विष कसं साठलं, हे मात्र कळत नव्हतं. काकांनाच विचारलं. "तुझा बाप ओतायचा की टाकीतलं पिवळं पाणी! नाल्यात कुणाला सोडू द्यायचा नाय. खाली गुरं पाणी पित्यात म्हणायचा. बादल्या भरभरून हितं ओतायचा, माती पिऊन टाकती म्हणायचा." मी खड्ड्याच्या काठावरच बसले. भिंतीपलीकडच्या वस्तीतली बोअर पिवळ्या पाण्यामुळे बंद केली आहे. गुरं वाचली, आणि माणसांच्या पाण्यात ते उतरलं. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

पण माती कशी बिघडली हे अहवालात लिहावंच लागतं. पुढे कुठे खणायचं, चोथा किती खोल घालायचा, ते त्यावरूनच ठरणार. परवा वस्तीतल्या बायका चौकोन बघायला आल्या. एकीने विचारलं, "ताई, बोअर चालू होईल का परत?" मी म्हणाले, "वेळ लागेल, पण होईल." दुसरीने विचारलं, "केलं कोणी हे?" मी मापाची पट्टी उचलली आणि उगाच मोजत राहिले.

काल अहवाल कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना दिला. ओतायची जागा, पद्धत, किती वर्षं चाललं, सगळं खरं लिहिलं आहे. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे सांगते: कोणी ओतलं, तिथे मी आधी 'माझे वडील' असं लिहिलं होतं. मग ते खोडून 'एक जुना कामगार' केलं.