बाबांचं वाक्य

मंगळवार, संध्याकाळी सात

पाटीलसरांनी आज स्टाफरूममध्ये पेढ्यासकट आपलं इंग्रजी व्याकरणाचं गाईड वाटलं. पान उलटलं आणि हात थांबला. नीड, डेअर, ऑट टू, यूज्ड टू. कधी सहायक क्रियापदासारखी, कधी साध्या क्रियापदासारखी वागणारी ही चौकडी मी वर्गात जशी समजावते, तशीच्या तशी! ते शाळेत नवे होते तेव्हा मीच माझी टाचणवही दिली होती त्यांना. परत करताना खाकी कव्हर घालून दिली. ते कव्हर बघून काय हुरळले होते मी!

आणि 'यूज्ड टू'खाली माझंच उदाहरण. माझे वडील दाढी करताना गायचे. बाबा गेले त्या वर्षी लिहिलं होतं. निदान तेवढं तरी बदलायचं?

विचारलं, तर हसत म्हणाले, "अवो मॅडम, व्याकरण काय कुणाच्या मालकीचं असतंय व्हय?"

नसतं. पण बाबा?

हे तिथंच का नाही बोलले मी? एका खाकी कव्हरची एवढी भीड?

उद्या नववीला यूज्ड टू शिकवायचंय. गाईड आज पोरांनाही वाटून झालंय. बाबांचं वाक्य फळ्यावर लिहिलं की पोरं ओरडणार, "मॅडम, हे तर पाटीलसरांचं हाय की!"