बिनशेंगदाण्याची चटणी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

आदरणीय रत्नमालाअक्कास,
धाकट्या राजूचा सप्रेम जयभीम.

देवगावात तुझे गुडघे साथ देत असतील, अशी आशा करतो. (इथं कशाचीच साथ नाय.) तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला.

करुणा त्या दिवशी तुला फोनवर नको ते बोलली. नवऱ्याचे ओठ वड्यासारखे फुगलेले पाहून कोणती बायको गोड बोलेल? आता तीच तोंड पाडून बसते. पण अक्का, दोष माझ्या अंगाचा. जन्मभर ज्या शेंगदाण्यावर पोसलं, त्यालाच ते आता ओळखत नाय. डॉक्टरांनी समजावलं, अंगात राखणदार असतात, अन् माझ्यावाल्यांनी उतारवयात शेंगदाण्याला चोर ठरवलंय. एक कण दिसला की बोंबाबोंब: अंगभर खाजऱ्या गांधी उठलेल्या, घसा आवळलेला, डोळ्यांपुढं अंधारी. (चोर राहिला बाजूला, मार घरमालकाला.) मांडीत इंजेक्शन टोचलं तेव्हा कुठं श्वास आला. आता मराठवाड्यात राहून शेंगदाणा बंद म्हणजे उरलं काय? वांग्यात कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट. लग्नाच्या पंगतीत मी मयताला आल्यासारखा बसतो.

हे कळल्यावर तू माझ्यासाठी मुद्दाम जवसाची चटणी केलीस. शेंगदाण्याला हातही लावला नाहीस, मला ठाऊक आहे. पण कुटलीस आईच्या दगडी उखळात. त्या दगडानं लई वर्षं शेंगदाण्याचं तेल पिलंय, ते धुऊन थोडंच जातंय? चूक म्हणशील तर एवढीच. अन् तुझा लेक अभय सांगतो, तू चूल सुनेवर सोडलीस. म्हणालीस, "माझ्या हातचं आता कुणी खाऊ नका." ते ऐकून माझा घसा पुन्हा आवळला. त्यावर डॉक्टरकडं इंजेक्शन नाय.

तुझा,
राजू

ता.क. उखळ गोठ्यामागं फेकलंस म्हणे. आत आण. आईचं आहे.

दुसरा ता.क. करुणानं मिक्सरचं कोरं भांडं आणलंय. माफी तिला समोरासमोर मागायचीय. सोबत काही न आणता ये, जवस इथं मिळतो.

शेवटचा ता.क. खरं सांगू? त्या चटणीत मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, लसूणसुद्धा नव्हता. मला काही होऊ नये म्हणून भीतीनं तू सगळंच वगळलंस ना? इतकी बेचव चटणी मी जन्मात खाल्ली नव्हती. ते ध्यानात आलं, म्हणून तर चाटूनपुसून खाल्ली.